‘मेटाबोलाइज’ला मराठीत काय म्हणावे: पचणे, जिरणे की चयापचय?

प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातील एका फार्मासिस्टचा आहे. औषधासोबत रुग्णाच्या हाती द्यायची माहितीपत्रके ते मराठीत तयार करीत आहेत आणि इंग्रजीतील ‘मेटाबोलाइज’ या क्रियापदापाशी त्यांचे काम अडले आहे. ‘औषध यकृतात पचते’ असे लिहावे, ‘औषध शरीरात जिरते’ असे लिहावे, की ‘औषधाचा चयापचय होतो’ असे लिहावे, असे त्यांनी विचारले आहे. सोबत त्यांनी चार वाक्ये पाठवली आहेत. पहिल्या वाक्यात औषध यकृतात मेटाबोलाइज होते. दुसऱ्यात ते मेटाबोलाइज न होता मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. तिसऱ्यात मेटाबोलाइज झाल्यावरच ते काम करू लागते आणि चौथ्यात ते काही लोकांमध्ये सावकाश मेटाबोलाइज होते.

मी गेली सव्वीस वर्षे जळगावात रुग्ण तपासतो आणि त्यांतील बरीच वर्षे परिचर्येच्या विद्यार्थिनींना शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायन शिकवीत आलो आहे. हा शब्द मला वर्गातही लागतो आणि रुग्णासमोरही. वर्गात ‘चयापचय’ म्हणून भागते, रुग्णासमोर भागत नाही, आणि माहितीपत्रक तर रुग्णासाठीच असते. म्हणून माझे मत आधीच सांगतो. औषधाच्या बाबतीत ‘पचणे’ वापरू नये, ‘जिरणे’ वापरायचे तर ते शोषणाच्या अर्थानेच वापरावे, ‘चयापचय’ शास्त्रीय लेखनासाठी राखून ठेवावा आणि रुग्णाच्या पत्रकात ‘रूपांतर होणे’ हा साधा प्रयोग करावा. यामागची कारणे मात्र सविस्तर सांगितली पाहिजेत, कारण ‘पचणे’ सोडून द्या असे सांगितले की मराठी माणसाचा पहिला प्रश्न ‘का?’ असाच असतो, आणि तो योग्य आहे.

‘पचणे’ हा शब्द संस्कृत ‘पच्’ या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा मूळ अर्थ शिजवणे असा आहे. स्वयंपाकातला ‘पाक’ तोच, ‘पक्व’ तोच आणि त्या ‘पक्व’चेच मराठीत ‘पिकणे’ झाले. रावेर-यावलच्या केळीबागांतून निघालेल्या कच्च्या केळ्यात साधारण 20 टक्के पिष्ट असते आणि केळे पूर्ण पिकेपर्यंत त्यातले जवळजवळ सगळे पिष्ट साखरेत बदललेले असते. केळ्याला पोट नाही, आतडे नाही, तरी हे रासायनिक काम त्याच्या पेशींमध्ये विकरांकडून (एन्झाइमांकडून) होत राहते. हा अस्सल चयापचय आहे आणि आपल्या भाषेने त्यासाठी ‘पच्’ कुळातलाच शब्द वापरला आहे. आयुर्वेदानेही हा धातू पोटापुरता ठेवला नाही. तेथे जठराग्नी एक, भूताग्नी पाच आणि धात्वग्नी सात असे तेरा अग्नी मानले आहेत, आणि रस, रक्त, मांस अशा शरीराच्या प्रत्येक घटकाच्या (आयुर्वेदाच्या भाषेत ‘धातू’च्या) ठिकाणी स्वतंत्र पाक होतो असे सांगितले आहे. त्यामुळे एखाद्या वैद्यांनी ‘पचन म्हणजे केवळ पोटातले नव्हे’ असे मला ऐकवले, तर मी ते मान्यच करीन.

अडचण इतिहासात नसून आजच्या बोलण्यात आहे. आज ‘पचणे’ म्हटले की ऐकणाऱ्याचा हात पोटाकडे जातो, आणि एवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. परंतु या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ चिकटलेला आहे आणि माझा खरा आक्षेप त्या अर्थाला आहे. शंकराने हलाहल पचवले, अमक्याने लाच पचवली, तिने एवढे मोठे दुःख पचवले, असे आपण म्हणतो. या तिन्ही वाक्यांत ‘पचवणे’ म्हणजे वाईट गोष्ट आत घेऊनही तिचा परिणाम स्वतःवर होऊ न देणे. पचले म्हणजे बाधले नाही. म्हणजे या क्रियापदात घटनेबरोबर निकालही सांगितलेला असतो. ‘मेटाबोलाइज’ या शब्दात असा कोणताही निकाल नाही. त्याचे मूळ ‘बदल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे आणि 1839 मध्ये थिओडोर श्वान यांनी पेशींमधल्या रासायनिक बदलांसाठी त्यापासूनच जर्मन संज्ञा घडवली. बदल चांगला झाला की वाईट, हे तो शब्द सांगत नाही. पचण्याचा शब्द त्याच्या जागी ठेवला की मूळ वाक्यात नसलेला दिलासा आपण रुग्णाला देऊन बसतो.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण विषारी दारूचे आहे. गावठी दारूत भेसळ म्हणून मिथेनॉल आले तर पिणाऱ्याला सुरुवातीचे काही तास साध्या नशेपलीकडे फारसे काही जाणवत नाही. मिथेनॉल स्वतः तेवढे घातक नसते. यकृतातले विकर त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड करते आणि मग त्याचे फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल रक्तात साचू लागले की दम लागतो, डोळ्यांपुढे धुके येते आणि दृष्टिचेता जळून कायमचे अंधत्व येऊ शकते. म्हणजे इथे शरीराने जे ‘पचवले’ त्यातूनच विष तयार झाले. उपचारही याच तत्त्वावर चालतो: फोमेपिझोल हे औषध, आणि ते नसेल तर वैद्यकीय देखरेखीखाली साधा इथेनॉल देऊन, ते विकर अडवून ठेवायचे, म्हणजे मिथेनॉल न बदलता राहते आणि डायलिसिसने ते काढून टाकायला वेळ मिळतो. आता हे वाक्य मराठीत लिहून पाहा: ‘रुग्णाला मिथेनॉल पचू नये म्हणून औषध देतात.’ वाचणारा गोंधळून जाईल, कारण त्याच्या भाषेत न पचणे म्हणजे त्रास आणि पचणे म्हणजे सुटका. ‘मिथेनॉलचे विषारी आम्लात रूपांतर होऊ नये म्हणून औषध देतात’ असे लिहिले की एका वाचनात कळते.

साध्या दारूबाबतही हाच घोळ रोज माझ्या टेबलापर्यंत येतो. साक्रीकडचा एक गडी, वय चाळीसच्या आतले, डोळे पिवळे, पोट पाण्याने तटतटलेले, पत्नी शेजारी उभी. किती घेता असे विचारले तेव्हा तो अहिराणीत म्हणाला, “माले पचस, काही व्हत नही.” तो खोटे बोलत नव्हता. त्याला चढत नव्हती, पाय लटपटत नव्हते, आणि त्याच्या भाषेत याचेच नाव पचणे होते. पण न चढणे ही मुख्यतः मेंदूला झालेली सवय आहे. यकृताचा दारू बदलण्याचा वेग मर्यादित असतो. साधारण प्रौढात तो तासाला 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल एवढाच असतो, रोज पिणाऱ्यात थोडा वाढतो, पण कितीही प्यायली तरी त्या प्रमाणात वाढत नाही. त्या बदलाच्या वाटेवर ॲसिटाल्डिहाइड हे त्रासदायक द्रव्य तयार होतच राहते. ज्याला ‘पचते’ तो अधिक पितो आणि ज्याला ‘पचत नाही’ तो लवकर थांबतो. ‘दारू यकृतात पचते’ असे आरोग्याच्या भित्तीपत्रकावर छापणे म्हणजे त्या माणसाच्या म्हणण्याला शास्त्राचा शिक्का देणे आहे. मी असे भित्तीपत्रक पाहिले आहे आणि ते उतरवायला लावले आहे.

आता ‘जिरणे’. हा शब्द मला स्वतःला फार आवडतो आणि त्याची नीट व्यवस्था लावली पाहिजे असे वाटते. संस्कृत ‘जॄ’ या धातूपासून तो आला. ‘जीर्ण’ आणि ‘अजीर्ण’ त्याच घरातले, आणि अन्न जिरवते म्हणून ‘जिरे’ही. अगस्ती ऋषींनी पोटावर हात फिरवून वातापीला जिरवून टाकले, ती गोष्ट घरोघरी सांगितली जाते. तेथे जिरणे म्हणजे पूर्ण नाहीसे होणे असाच अर्थ आहे. पण आजच्या मराठीत हा शब्द पाण्याशी बांधला गेला आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीने वाचले आहे आणि धुळे जिल्ह्यात शिरपूर परिसरात नाले खोल करून, बंधारे बांधून पाणी जिरवण्याचे जे काम झाले, त्यामुळे खानदेशात तर जिरणे म्हणजे काय हे शेतकऱ्याला प्रात्यक्षिकासह ठाऊक आहे. जमिनीत जिरलेले पाणी पाणीच राहते. ते विहिरीत पुन्हा पाणी म्हणूनच येते. म्हणजे या शब्दात आत शिरणे, मुरणे, दिसेनासे होणे आहे, स्वभाव बदलणे नाही. शास्त्राच्या भाषेत हे शोषण झाले.

शोषणासाठी हा शब्द इतका नेमका आहे की तो पत्रकातून वगळणे मला चुकीचे वाटते. ‘मलम त्वचेत शोषले जाईपर्यंत चोळावे’ यापेक्षा ‘मलम जिरेपर्यंत हलक्या हाताने चोळावे’ हे कोणत्याही आजीला लगेच समजते, कारण बाळाच्या अंगात तेल जिरवण्यात तिचे आयुष्य गेलेले असते. इंजेक्शनच्या जागी आलेली गाठ दोन-तीन दिवसांत जिरते, हेही शुद्ध मराठी आहे. फक्त ‘औषध शरीरात जिरते’ असे मोघम लिहू नये, कारण त्यातून औषध आत गेले आणि तिथेच संपले असा समज होतो. पुढे त्याचे यकृतात काय झाले आणि लघवीत काय उतरले, ही अर्धी हकीकत त्यातून गळते.

उरला ‘चयापचय’. या शब्दाची फोड चय आणि अपचय अशी आहे. चय म्हणजे गोळा होणे, रचणे, आणि अपचय म्हणजे मोडणे, उणे होणे. दोन्ही ‘चि’ या धातूपासून आले आहेत. माझ्या विद्यार्थिनींपैकी निम्म्याजणी दरवर्षी याची फोड ‘चय आणि अपचन’ अशी करतात आणि उत्तरपत्रिकेत ‘चयापचन’ असे लिहितात. मी त्यांना दोष देत नाही. ‘अपचय’ या शब्दात कानाला ‘पच’ ऐकू येतो, पण तो भास आहे. तेथे ‘अप’ हा उपसर्ग संपतो आणि ‘चय’ सुरू होतो. ‘अपचन’ मात्र खरोखरच पच् धातूचे, न पचणे या अर्थाचे. हा भास किती खोल आहे हे लक्षात ठेवले, तर ‘चयापचय बिघडला’ असे डॉक्टरांनी सांगितल्यावर रुग्ण पोट साफ होण्याचे चूर्ण का घेतो, ते कळेल.

यावल तालुक्यातल्या एका आजींची गोष्ट यासाठी सांगतो. रक्तातली साखर खूप वाढलेली होती. आधी जेथे दाखवले होते तेथे त्यांना ‘तुम्हाला साखर पचत नाही’ असे सांगण्यात आले होते. आजींनी माझ्यासमोर कमरेची चंची सोडली आणि भाजलेला ओवा, जिरे व काळे मीठ यांची पूड टेबलावर ठेवली. गोड खाल्ले की वर चिमूटभर घेते, ढेकर येतो, पचून जाते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा तर्क पूर्ण बरोबर होता. चुकीचा होता तो त्यांना मिळालेला शब्द. मधुमेहात साखरेचे पचन उत्तम होते, किंबहुना ती आतड्यातून रक्तात व्यवस्थित येते म्हणूनच तपासणीत दिसते. बिघाड त्यापुढचा असतो. इन्शुलिन अपुरे पडते किंवा त्याला दाद मिळत नाही, त्यामुळे रक्तातली साखर पेशींच्या कामी येत नाही आणि यकृतही साखर सोडत राहते. मी आजींना सांगितले की साखर पोटातून रक्तात येते, पण रक्तातून अंगी लागत नाही. ‘अंगी लागणे’ हा शब्द त्यांना लगेच पटला, आणि चयापचयाच्या चय या अर्ध्या भागाला याहून चांगला घरगुती शब्द मला अजून सापडलेला नाही.

याउलट ‘मला दूध पचत नाही’ हे वाक्य शंभर टक्के शास्त्रशुद्ध आहे. दुधातली शर्करा फोडणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात असते, ते कमी पडले की शर्करा तशीच पुढे मोठ्या आतड्यात जाते, तेथले जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगते. जे पचनमार्गात घडते त्याला पचणे म्हणावे, यात कसलीच हरकत नाही. पचन आणि चयापचय वेगळे आहेत याची खात्री ज्यांना करून घ्यायची असेल त्यांनी निर्जळी एकादशीचा विचार करावा. पोटात काही गेलेले नाही, पचवायला काही नाही, तरी हृदय चालते, अंग गरम राहते, मेंदू विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा घेतच असतो. यकृतात साठवलेले सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजन (साखरेचा साठा) मोडून साखर पुरवली जाते आणि उपास दिवसभराहून लांबला की प्रथिने व चरबी यांच्याकडे वळावे लागते. त्या दिवशी पचनाला सुट्टी असते, पण अपचय जोरात चाललेला असतो.

मग औषधासाठी ‘चयापचय’ का नको? शास्त्रीय लेखात तो चालतो, रूढही आहे. तेथे तो पुल्लिंगी चालवावा: औषधाचा चयापचय होतो, यकृत औषधाचा चयापचय करते. ‘चयापचयित’ असे विशेषण घडवू नये, ते जिभेवर वळत नाही आणि वाचणाऱ्याला काही सांगतही नाही. पण अर्थाकडे बारकाईने पाहिले तर औषधाच्या बाबतीत चय होतच नाही. पोळीतल्या पिष्टाचे काही अंशी ग्लायकोजन होते, डाळीतल्या प्रथिनांचे स्नायू होतात, तेथे रचणे आणि मोडणे दोन्ही आहे. पॅरासिटामॉलचे शरीर काही रचत नाही. बहुतांश पॅरासिटामॉलला यकृत ग्लुकुरोनिक आम्लाची किंवा सल्फेटची जोड देते आणि ते पाण्यात विरघळणारे करून लघवीकडे पाठवते. थोडा भाग वेगळ्या वाटेने जातो आणि त्यातून यकृताला इजा करणारे द्रव्य तयार होते. नेहमीच्या मात्रेत यकृतातले ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य त्याला निष्प्रभ करते, पण प्रौढाने दिवसाची 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडून गोळ्या घेतल्या तर ग्लुटाथायोन संपू शकते. या सगळ्या हकिकतीला नेमके बसणारे शब्द बदलणे आणि रूपांतर होणे हेच आहेत. त्यांत निकाल नाही, पोट नाही आणि रचण्याचा भासही नाही.

आणखी एक व्याकरणाची गोष्ट पत्रक लिहिताना उपयोगी पडेल. इंग्रजी वाक्यात शरीर किंवा माणूस कर्ता असतो आणि औषध कर्म. मराठीत अशा घटना आपण वस्तूला पुढे करून सांगतो: दूध पचते, पाणी जिरते, गूळ विरघळतो, केळे पिकते. म्हणून ‘तुमचे शरीर या औषधाचे रूपांतर करते’ यापेक्षा ‘शरीरात गेल्यावर या औषधाचे रूपांतर होते’ हे वाक्य कानाला आपले वाटते. विशेषतः चौथ्या वाक्यात हे महत्त्वाचे आहे, कारण ‘संथ चयापचय करणारे रुग्ण’ असे लिहिले तर रुग्ण स्वतः काही सावकाश करतो आहे असे वाटते आणि आळशीपणाचा उगाच आरोप झाल्यासारखा होतो.

आता आपली चार वाक्ये. पहिल्यासाठी असे लिहावे: ‘या औषधाचे यकृतात रूपांतर होते. तुम्हाला यकृताचा आजार असेल किंवा तुम्ही नियमित दारू घेत असाल, तर डॉक्टरांना आधी सांगा.’ दुसरे वाक्य मेटफॉर्मिनसारख्या औषधाला लागू पडते आणि इथे ‘हे औषध पचत नाही’ असे भाषांतर सर्वांत जास्त नुकसान करील, कारण वाचणारा ते बाधते असे समजून गोळी बंद करील. ‘हे औषध शरीरात न बदलता लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाचे काम नीट चालले आहे का, हे रक्त तपासून अधूनमधून पाहावे लागते’ असे लिहिले की तपासणीचे कारणही त्याच वाक्यात मिळते. तिसरे वाक्य रक्तदाबाच्या एनालाप्रिलसारख्या गोळीचे आहे. ती गिळतो त्या रूपात जवळजवळ निष्क्रिय असते आणि मुख्यतः यकृतात तिचे एनालाप्रिलॅट झाल्यावर काम करते. तेथे ‘पोटात गेल्यावर या गोळीचे शरीरात काम करणाऱ्या औषधात रूपांतर होते’ एवढे पुरे.

चौथ्यासाठी क्षयरोगाच्या आयसोनियाझिडचे उदाहरण घ्यावे, कारण सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या गावांत हे पत्रक नक्की वाचले जाईल. हे औषध बदलणाऱ्या यकृतातल्या विकराचा वेग जन्मतः काहींत जलद आणि काहींत सावकाश असतो. सावकाश असणाऱ्यांच्या रक्तात औषध जास्त वेळ राहते आणि हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास त्यांना अधिक होतो, म्हणून सोबत ब 6 जीवनसत्त्व देतात. पत्रकात ते असे येऊ द्यावे: ‘काही लोकांच्या शरीरात या औषधाचे रूपांतर जन्मतःच सावकाश होते. यात तुमचा काही दोष नाही. हातापायांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला, तर गोळ्या स्वतःहून बंद न करता लगेच दाखवायला या.’